पाणकणसांतल्या अकरा डुबडुब्या

१

डब्यात वही नव्हती. वहीच्या जागी लाकडाची फळी होती.

डबा मीच उघडला होता, तेव्हा पहिला संशय माझ्यावर यायला हरकत नव्हती. पण मला पक्ष्यांत काडीचाही रस नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गेले चार दिवस मी ते सगळ्यांना ऐकवत होते. पक्षी मजेत उडतात आणि आपण थंडीत फळकुटावर बसून गुडघे धरून घ्यायचे, यात शहाणपणा कसला? भावानं गळ घातली म्हणून आले. "चिमणे, एकदा तरी ये," म्हणाला. मी चौसष्ट वर्षांची, वजन विचारू नका, आणि हा मला अजून चिमणी म्हणतो.

दादा म्हणजे शाळेतला निवृत्त चित्रकला मास्तर. झाडांची पानं गळून फांद्या उघड्या पडायला लागल्या की तो डोंगरातल्या या तळ्यावर येतो, आठ दिवस काठावरच्या विश्रामगृहात राहतो आणि पक्षी मोजतो. अशी एकतीस वर्षं झाली. सगळी मोजणी एकाच वहीत. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, चार बोटं जाड, मेणकापडात गुंडाळलेली. आत सगळं पेन्सिलीनं, कारण शाई धुक्यातसुद्धा फुटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती वही तलाव कचेरीत साहेबांसमोर ठेवायची होती. तळ्याचा उत्तरेकडचा कोपरा पाणकणसांनी, म्हणजे उंच पाणगवतानं, भरलेला आहे, थंडी पडली की पाहुणे पक्षी तिथंच उतरतात. मोटरलाँच चालवणाऱ्या कंपनीला आता तोच कोपरा हवा होता. दक्षिण काठावर तीन वर्षं त्यांच्या लाँच धडधडतच होत्या. साहेबांनी कळवलं होतं की पक्षी येतात असं तोंडी नको, लेखी पुरावा आणा. लेखी म्हणजे दादाची वही, दुसरं काही नाही. वही नसेल तर कोपरा गेला.

मी चौतीस वर्षं टपालखात्यात हरवलेल्या पार्सलांच्या टेबलावर काढली. इतकी मोलाची वस्तू हा माणूस पिशवीत टाकून नेणार म्हटल्यावर माझा जीव वरखाली झाला. तीन वाजता चहा झाल्यावर मी सुतळी आणि जाड कागद घेऊन बसले. दादा म्हणत होता, राहू दे गं, मी करतो. मी ऐकतेय कुठली. भिंतीतल्या शेकोटीवरच्या फडताळातून पत्र्याचा डबा काढला, वजन बरोबर लागलं, झाकण उघडलं, आणि फळी.

दंतवैद्य उठून उभे राहिले. मालकीणबाईंच्या हातातला ट्रे कलला. दारातला नावाडी होता तिथंच थिजला. दादानं मात्र फळी हातात घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाला, "राहू दे, चिमणे. उद्या सकाळपर्यंत येईल परत."

एकतीस वर्षांचं काम चोरीला गेलेला माणूस असं बोलतो? इथंच कुठेतरी पाणी मुरत होतं.

२

आता माणसं सांगते. फार नाहीत, डोकं धरायला नको.

मालकीणबाई विश्रामगृह चालवतात. पाच खोल्या, त्यातल्या तीन वर्षभर रिकाम्या. लाँच आल्या तर पाचही भरतील, हे त्या उघड बोलून दाखवत. दंतवैद्य दरवर्षी सुट्टी काढून येतात. त्यांच्याकडे माझ्या उंचीची दुर्बीण आहे आणि आपल्याला दिसला नाही तो पक्षी जगात नाही अशी त्यांची समजूत आहे. तिसरा नावाडी. सत्तरीचा, एकटा, काठावरच्या खोपटात राहणारा. एकतीस वर्षं दादाला होडीतून तोच फिरवतो. दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले आठ दादाशी.

आणि या मंडळींचे नियम! उत्तरेच्या कोपऱ्यात हंगामात होडी न्यायची नाही, पक्षी बिचकतात. काठावर लाकडी लपण आहे, म्हणजे फटी ठेवलेली अंधारी खोली, तिथून लांबूनच मोजायचं. मोजताना आकडा तोंडातून काढायचा नाही, नाहीतर दुसऱ्याची मोजणी त्याच्याकडे ओढली जाते. दादा तिथल्या तिथं वहीत लिहितो आणि नाश्त्याला वही उघडून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. वहीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आमच्या खात्यातसुद्धा इतकी शिस्त नव्हती.

त्या सकाळी उजाडताना आम्ही चौघं लपणात होतो. काठाला काचेसारखा पातळ बर्फ धरला होता, धुकं पाण्यावर लोळत होतं. बदकं होती, हंस होते, आणि अगदी पलीकडे पाणकणसांच्या कडेला तपकिरी मानांच्या तुरेवाल्या डुबडुब्या. दादाचा सगळ्यात लाडका पक्षी. तीन वर्षांपूर्वी त्या यायच्या थांबल्या. दादा त्या वर्षी म्हणाला होता की पुढल्या वेळीही नाही आल्या तर मी वही मिटतो, आता वयही झालं. पण पुढल्या वर्षी अकरा आल्या. गेल्या वर्षी तारीख होती तीच, आणि अकराच.

यंदाही नाश्त्याला दादानं वही उघडून वाचलं, "तुरेवाल्या डुबडुब्या, अकरा." चहा घेऊन आलेला नावाडी दारात ऐकत उभा होता. दंतवैद्यांनी पावाचा तुकडा खाली ठेवला. म्हणाले, मास्तर, मी अर्धा तास दुर्बीण लावून होतो, त्यातली एकही पाण्याखाली गेली नाही. डुबडुबी आणि बुडी मारत नाही? दादा म्हणाला झोपल्या असतील. दंतवैद्य म्हणाले, अकराच्या अकरा?

नऊ वाजता दादानं वही डब्यात ठेवली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. साडेनऊला आम्ही सुतारपक्षी बघायला रानात निघालो. तिथून एकला परतलो. त्या साडेतीन तासांत कोणीतरी वहीवर हात मारला होता.

मी फळी पुन्हा पाहिली. चोरानं वजन भरायला काहीतरी ठेवणं नवं नाही, आमच्याकडे घड्याळाच्या पार्सलातून विटा निघायच्या. पण विटेच्या कडा कोणी घासून गोल करतं का? या फळीचे चारही कोपरे गुळगुळीत होते. पाठीमागे तपकिरी रंगाचा एक पुसट डागही होता. शिवाय चोरानं वहीबरोबर तिचं मेणकापडही नेलं होतं. वही जाळायची किंवा तळ्यात टाकायची असेल तर तिला ओल लागू नये म्हणून कोण जपतं?

लेबल करायला पेन्सिल हवी म्हणून मी दादाची रंगपेटी उघडली, तर आणखी एक वस्तू गायब होती. खोडरबर.

३

मी प्रत्येकाला वेगळं बसवलं आणि कागदावर लिहून मागितलं की नऊ ते एक कुठं होतात. सरकारी सवय, जात नाही.

मालकीणबाई स्वयंपाकघरात सूप ढवळत होत्या. त्यांना माझा राग आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. लाँच मला हव्यात, म्हणाल्या, छप्पर गळतं, मुलीचं शिक्षण आहे, मला काय पक्षी भाडं देतात? पण मास्तरांची वही चोरून? नवरा गेला त्या वर्षी या घरात एकही पाहुणा टिकला नाही, एकटे मास्तर आठ दिवस राहिले आणि रोज भांडी पुसून दिली. एवढं बोलून त्या डोळे पुसायला लागल्या, आणि कांदा तर केव्हाच चिरून झाला होता. मी कागद मुकाट घडी करून ठेवला.

त्यांनी मधे कोणाला आत येताना पाहिलं का, असं मी विचारलं. पुढची खोली स्वयंपाकघरातून दिसत नाही, त्या म्हणाल्या, पण दार दोनतीनदा वाजलं.

दंतवैद्यांनी लिहिलं, "रानात होतो." अक्षर मोत्यासारखं, मजकूर खोटा. रानातून ते दुर्बिणीचं टोपण विसरलं म्हणून मधेच परत आले होते, हे मला पक्कं आठवत होतं, कारण त्यांच्यामागून मलाही सटकायचं होतं आणि दादानं सोडलं नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ते खुर्चीत चुळबुळले. माणसांची तोंडं उघडायला लावणारा माणूस स्वतःचं तोंड मिटून बसला होता.

शेवटी म्हणाले, "साडेदहाला आलो. मला वही बघायची होती. दोन वर्षं त्या अकरा डुबडुब्या माझ्या घशाखाली उतरत नाहीयेत. डबा उघडला."

"आणि?"

"तेव्हाच आत फळी होती. मी सांगितलं असतं तर चोर मीच ठरलो असतो, म्हणून गप्प बसलो. मला लाज वाटतेय." मग हळूच म्हणाले, "मास्तरांनी मला पहिला पक्षी दाखवला होता. नऊ वर्षांचा होतो. मला ते खोटे निघायला नकोयत हो."

म्हणजे वही नऊ ते साडेदहा या वेळात गेली. त्या वेळात दंतवैद्य परत फिरेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर रानात होते. मालकीणबाई घरात. नावाडी धक्क्यावर.

आणि मला एकदम आठवलं. पावणेदहाला आणखी एक माणूस हातमोजे विसरले म्हणून मागे फिरला होता. माझा सख्खा भाऊ.

४

नावाडी राहिला होता. त्याला कागद दिला. त्यानं तो हात लांब करून धरला, मग खिडकीशी नेला, मग परत माझ्यापुढे ठेवला. "तुम्हीच लिहा. मी सांगतो," म्हणाला. सांगितलं ते चार शब्दांत संपलं: होडीतलं पाणी उपसत होतो. मी सहीसाठी रेघ ओढून दिली, त्यानं सही रेघेच्या चांगली अंगठाभर खाली केली. याच माणसानं सकाळी दुर्बीण न लावता पलीकडच्या डोंगरावरचा गरुड दाखवला होता. मी तेव्हा त्यावर फार विचार केला नाही. माझं सगळं लक्ष दादापाशी होतं.

दादा व्हरांड्यात पेन्सिलीला टोक करत बसला होता. वही नाही आणि टोक काढतोय. मी शेजारी बसले. आमची आई गेली तेव्हा मी दहाची, हा सोळाचा. माझ्या वेण्या यानं घातल्या आहेत, वाकड्यातिकड्या. शाळेत मी एकदा खोटं बोलले तर यानं मला मारलं नाही, दोन दिवस नुसता गप्प राहिला. खोट्याची मला कायमची भीती बसली ती त्यामुळे. या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं.

तरी विचारलं. "दादा, सकाळी मधेच घरी का आला होतास?"

"हातमोजे."

"हातमोजे तुझ्या खिशात होते. मी पाहिले."

तो हसला. "टपालखात्यानं तुला लवकर सोडलं, चिमणे."

"त्या अकरा डुबडुब्या खऱ्या आहेत ना?"

दादानं टोक बोटावर टोचून पाहिलं. नुसता गप्प राहिला, अगदी तेव्हासारखा. एकतीस वर्षं खरं लिहिणारा माझा भाऊ म्हातारपणी खोटं लिहायला लागला होता की काय? डुबडुब्या येईनात म्हणून मनानंच आणून बसवल्या, आणि आता साहेबांपुढे पितळ उघडं पडेल म्हणून वही स्वतःच लपवली?

मी शाल घेतली आणि एकटीच उत्तरेच्या वाटेला लागले. मला त्या अकराजणींचं तोंड बघायचं होतं.

५

उन्हं कलली होती. वाटेवर गळलेल्या पानांचा घोट्यापर्यंत थर, प्रत्येक पावलाला असा आवाज की मैलभर सगळ्या पक्ष्यांना माझी वर्दी पोचली असेल. चालता चालता डोकं जरा थंड झालं आणि मी स्वतःलाच झापलं. बाई, चौतीस वर्षं काय केलंस? दादाला काही खोडायचं असतं तर वही चोरायची गरजच काय होती? वही त्याच्याच हातात असते. आणि त्याच्याकडे फळी कुठून यायची?

खोडरबर नेणाऱ्याला वही नकोशी नव्हती, तिच्यातल्या एकदोन ओळी तेवढ्या नकोशा होत्या. मेणकापड नेणाऱ्याला उरलेली वही जिवापाड जपायची होती. मग त्यानं त्या ओळी पुसून वही दुपारच्या आत परत का ठेवली नाही? फळी ठेवली होती ती तेवढा वेळ काढण्यासाठीच ना?

लपणात मोठी दुर्बीण होती. मी एक डोळा मिटला. त्या होत्या तिथंच, पाणकणसांच्या कडेला. तपकिरी माना, डोक्यावर तुरा. मोजल्या, अकरा. खरंच होत्या! दादा खोटा नव्हता. मी तिथं एकटी बसून अक्षरशः हात जोडले.

तेवढ्यात वारा फिरला. डोंगरावरून गार झोत खाली आला, पाणकणसं वाकली. बाकीची बदकं फडफडली, काही उडाली, काही आडोशाला गेली. आणि त्या अकरा डुबडुब्या एकाच वेळी, सावकाश, दावणीला बांधलेल्या गुरांसारख्या फिरल्या आणि अकराच्या अकरा वाऱ्याकडे तोंड करून थांबल्या.

मी दुर्बीण जवळ फिरवली. सगळ्यात डावीकडची माझ्याकडे बघत होती. तिचा एक डोळा होता त्या जागी होता. दुसरा जवळजवळ चोचीवर होता.

लाकूड. रंगवलेलं लाकूड, दगडाला दोरीनं बांधलेलं. गुळगुळीत कडा, तपकिरी रंग. दुरून गरुड ओळखणारा आणि हातातला कागद न दिसणारा माणूस. मला सगळा पत्ता लागला आणि मी चांगली दोन मिनिटं तशीच बसून राहिले, कारण आता जाऊन त्याला चोर म्हणायचं होतं.

६

खोपटाचं दार नुसतं लोटलेलं होतं. नावाडी खिडकीखाली बसला होता. मांडीवर मेणकापड, मेणकापडावर वही, हातात खोडरबर. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वही लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"सापडत नाहीत," म्हणाला. "सकाळपासून बघतोय. जवळ धरली तर धूसर, लांब धरली तर बारीक. चुकून दुसरीच ओळ खोडली गेली तर?"

मी त्याच्या बाकावर बसले. भिंतीशी लाकडाच्या ढलप्या, छिन्नी, रंगाचे डबे. आणि मग ज्या माणसानं दिवसाला दहा शब्दांपुढे कधी उडी मारली नव्हती, तो बोलायला लागला. मास्तर वही मिटतो म्हणाले त्या हिवाळ्यात मला झोप लागली नाही, म्हणाला. इथं कोण येतं? वर्षात आठ दिवस एक माणूस माझ्याशी बोलतो. डुबडुब्यांसाठी येतो, तर डुबडुब्या करू. हातांना चोच, मान पाठ आहे, डोळ्यांची गरज नाही. रंग मात्र अंदाजानं दिला. मोजणीच्या दोन दिवस आधी नेऊन बांधायच्या, मास्तर गेले की काढून आणायच्या. मास्तरांनी पहिल्यांदा अकरा म्हटलं तेव्हा मी धक्क्यावर जाऊन एकटाच नाचलो.

मग साहेबांचं पत्र आलं. लाँचवाले हुशार, वहीत अकरा वाचलं की होडी घालून बघणार. लाकडं निघाली की म्हणणार, एवढं खोटं तर बाकीचंही खोटं. "माझ्यापायी मास्तरांची एकतीस वर्षं पाण्यात," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्या तेवढ्या ओळी पुसून टाकू. मग मला शिक्षा करा."

"द्या इकडे," मी म्हटलं. "मी शोधते."

खरं सांगते, त्या क्षणी मी खोडरबरही हातात घेतलं होतं. माझ्या भावाच्या वहीत मी खोडाखोड करणार होते, आयुष्यभराचा सगळा सरळपणा बाजूला ठेवून. आजचं पान उघडलं. कडेला पेन्सिलीनं काढलेलं इवलंसं डोकं, तुऱ्यासकट. पुढे आकडा. मी चष्मा पुसून परत पाहिलं. मग मागच्या वर्षीचं पान, त्याच्या मागच्या वर्षीचं.

"काय आहे?" नावाडी विचारत होता. "काय लिहिलंय?"

मी वाचलं. दोन वर्षांपूर्वीची नोंद: "तुरेवाली डुबडुबी, शून्य. लाकडाच्या अकरा, काठाला कोणी बांधल्या आहेत. माना हुबेहूब. इतकी सुबक कोरणी मला शिकवता आली नसती." गेल्या वर्षीची: "शून्य. लाकडाच्या अकरा. नवा रंग दिलाय. डावीकडची तिरळी." आणि आजची: "शून्य. लाकडाच्या अकरा. तिरळी अजून तिरळीच. त्याला चष्मा हवा, पण सांगायचं कसं?"

मी खोडरबर बाकावर ठेवून दिलं.

दारात पानं वाजली. दादा उभा होता, हातमोजे घालून. सकाळी हातमोज्यांचं निमित्त करून तो वही नीट आहे ना ते बघायला घरी आला होता, तेव्हा नावाडी कोटाखाली वही धरून जाताना त्याला दिसला होता. "तान्हं मूल न्यावं तशी नेत होतास," तो म्हणाला. "तेव्हाच कळलं, परत येईल. तू आपणहून आणावीस म्हणून थांबलो."

"मग अकरा का म्हणायचात?" नावाड्यानं विचारलं. "रोज, सगळ्यांसमोर?"

दादा लाजला. सत्तरीचा माझा भाऊ शाळकरी पोरासारखा लाजला. "तू दारात उभा असायचास, गड्या. तुझ्या तोंडावर शून्य कसं वाचू? तोंडानं खोटं बोललो. हातानं नाही बोललो."

"आणि डुबडुब्या आल्या नाहीत, तरी का येत राहिलात?"

"डुबडुब्यांसाठी कोण येतंय?" दादा म्हणाला आणि त्याच्या शेजारी टेकला.

७

कचेरीत आम्ही सगळेच गेलो. मालकीणबाईसुद्धा, नवी साडी नेसून, आणि लाँचवाल्यांकडे बघायचं टाळत. दंतवैद्यांना मी रात्रीच्या जेवणाला सगळं सांगितलं होतं. त्यांनी दादाच्या ताटात स्वतःचं अंडं वाढलं. नावाडी सगळ्यात मागे, भिंतीला चिकटून. कचेरीत पाऊल टाकायची त्याची पहिलीच वेळ.

साहेबांनी वही सावकाश चाळली. पहिली सत्तावीस वर्षं डुबडुब्या, कधी चाळीस, कधी साठ. मग लाँच सुरू झाल्या ते वर्ष, शून्य. पुढची तीन, शून्य. त्या चार शून्यांनी जे सांगितलं ते आम्हाला कोणाला भाषण करून सांगता आलं नसतं. नावाड्याच्या अकरा तिथं लिहिलेल्या असत्या, तर लाँचचा काहीच त्रास नाही असा अर्थ निघाला असता. हे मला तेव्हा कळलं.

लाँच कंपनीचा माणूस वाकून वाचत होता. त्याला शून्याखालची ओळ दिसली आणि त्याला हसू आवरेना. साहेब, म्हणाला, इथं तर लाकडाची खेळणी मोजलीयत. असल्या वहीवर निकाल देणार?

दादा लाल झाला. आता खुलासा करायचा म्हणजे नावाड्याला उघडं पाडायचं, आणि ते तो मेला तरी करणार नव्हता. नुसता वहीकडे बघत बसला. साहेब वाट बघत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"ती मी केलीयत." नावाडी भिंत सोडून पुढे आला होता. "मास्तरांना फसवायला केली. फसले नाहीत. सगळे फसले, पण वही फसली नाही. तिच्यात जे होतं तेच आहे."

साहेबांनी ती ओळ परत वाचली, या वेळी मोठ्यानं, तिरळीसकट. मग वही मिटून मेणकापडात गुंडाळली. म्हणाले, ज्या माणसानं मित्राच्या प्रेमाचीसुद्धा शून्यातच नोंद केली, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी शंका घेणार नाही. कोपरा लाँचला बंद. पाच वर्षं. दक्षिणेच्या लाँचही पानगळीपासून दोन महिने उभ्या राहतील, मग बघू डुबडुब्या काय म्हणतात.

मालकीणबाई नाक वर करून म्हणाल्या की छप्पर आता पक्षीवाल्यांनीच दुरुस्त करायचं. दंतवैद्यांनी तिथल्या तिथं पुढच्या वर्षासाठी दोन खोल्या सांगितल्या.

परतल्यावर आम्ही लाकडाच्या अकराजणी पाण्यातून काढल्या. होडीनं, नियम मोडून, कारण दादाच म्हणाला की खऱ्यांसाठी जागा करायला हवी. धक्क्यावर त्यांची रांग लावली. मी माझा जादा चष्मा पेटीतून काढला आणि नावाड्याच्या नाकावर चढवला. दांडी सैल होती, सुतळीनं बांधून दिली. पार्सलवाली आहे मी.

त्यानं आधी स्वतःचे हात बघितले, उलटेसुलटे. मग दादाचा चेहरा, बराच वेळ. "म्हातारे झालात की," म्हणाला.

मग त्यानं डावीकडची डुबडुबी उचलली, डोळ्यांसमोर धरली, आणि एकदम खाली ठेवली.

"मास्तर, ही भयानक आहे. तीन वर्षं बघताय, एका शब्दानं सांगायचं तरी."

"कशाला?" दादा म्हणाला, आणि ती उचलून स्वतःच्या कोटाखाली घातली. "मी हिलाच बघायला येत होतो."